ठोकळे द्या, रंग झाका: मूळ व संयुक्त संख्यांच्या एका साहित्यपेटीचा अनुभव

सोलापूरच्या नवी पेठेतील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून गेल्या जुलैत मी मूळ आणि संयुक्त संख्या शिकवण्याची एक लाकडी पेटी 850 रुपये देऊन विकत घेतली. सोलापूरच्या पूर्व भागातील एका प्राथमिक शाळेत मी पाचवीला शिकवते. ही पेटी जुलैपासून जानेवारीतल्या सिद्धेश्वर महाराजांच्या गड्डा यात्रेपर्यंत माझ्या वर्गात जवळजवळ रोज उघडली गेली आहे, त्यामुळे पुढचे मत दुकानात चाळून पाहून बनवलेले नाही. दुकानाचे आणि उत्पादकाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पेटीत जे दोष मला सापडले तेच थोड्याफार फरकाने मी पाहिलेल्या आणखी दोन पेट्यांतही होते, आणि एकट्यादुकट्याला दोष देण्यापेक्षा पालकांनी व शिक्षकांनी पेटी घेताना काय पाहावे हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पेटीत दोन सेंटिमीटर बाजूचे 60 लाकडी ठोकळे आहेत, 1 ते 100 या संख्यांच्या रंगीत लाकडी चकत्या आहेत, दहा गुणिले दहा चौकटींचा जाड पुठ्ठ्याचा तक्ता आहे, चार रंगांच्या प्रत्येकी 20 पारदर्शक टिकल्या आहेत आणि 24 पानांची एक पुस्तिका आहे. यांपैकी ठोकळे इतके चांगले आहेत की केवळ त्यांच्यासाठी मी ही पेटी पुन्हा घेईन. बाकीच्या वस्तूंबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

ठोकळ्यांचे काम अगदी सोपे आहे. मुलाला काही ठोकळे द्यायचे आणि ते सगळे वापरून, एकही न उरवता, भरीव आयत रचायला सांगायचे. बारा ठोकळे दिले तर मूल आधी बारा ठोकळ्यांची एकच लांब रांग लावते, मग सहा-सहाच्या दोन रांगा करते, मग चार-चारच्या तीन. सात ठोकळे दिले की ते एक रांग लावते, ती मोडते, तीन-तीनच्या दोन रांगा करून पाहते, हातात एक ठोकळा उरतो, पुन्हा मोडते, आणि शेवटी त्याच एका रांगेवर परत येते. या मोडण्या-जोडण्यात जी चार-पाच मिनिटे जातात त्यांतच मूळ संख्या म्हणजे काय, म्हणजे जिचा एका रांगेखेरीज दुसरा आयत होत नाही ती, हे मुलाला कळते. व्याख्या नंतर सांगितली तरी चालते, किंबहुना नंतरच सांगावी, कारण तोपर्यंत मुलाकडे त्या व्याख्येत भरायला स्वतःचे काहीतरी असते. फळ्यावर पंचवीस मूळ संख्या लिहून त्या पाढ्यांसारख्या पाठ करून घेण्याची पद्धत मी स्वतः अनेक वर्षे वापरली आहे. त्या पद्धतीने शिकलेली मुले 97 पर्यंत धडाधड म्हणतात, आणि 101 मूळ आहे का असे विचारले की गप्प बसतात.

माझ्या वर्गात यंदा 31 मुले आहेत. पहिल्या दिवशी मी 60 ठोकळे पाच गटांत बारा-बारा असे वाटले आणि सहा-सहा मुलांचे गट केले, तेव्हा एक मुलगी उरली. "बाई, मी कुठे बसू?" असे तिने विचारल्यावर मी गट मोडून पाच-पाचचे सहा गट केले, तरी ती उरलीच. मुलांनीच मग पुढाकार घेतला: तीन-तीनचे दहा गट, उरली एक; जोड्या लावल्या, पंधरा जोड्या, उरली एक; चार-चारचे सात गट केले तर उलट तिघे उरले. अखेर एका मुलाने सांगितले की आपण प्रार्थनेला एकाच रांगेत उभे राहतो तेवढेच आपल्याला जमते. ठोकळ्यांऐवजी त्या दिवशी मुलेच ठोकळे झाली होती, आणि 31 ही मूळ संख्या आहे हे वर्गातले कोणीही आता विसरणार नाही. उरलेल्या मुलीला मी त्या दिवसापासून फळ्यावर सर्व आयतांची नोंद ठेवण्याचे काम दिले आहे.

एवढे चांगले साधन हाताशी असताना पुस्तिकेने व्याख्येत चूक करावी याचे मला वाईट वाटते. पुस्तिकेत लिहिले आहे की ज्या संख्येला 1 आणि ती संख्या यांखेरीज दुसरा विभाजक नसतो ती मूळ संख्या. ही व्याख्या वाचून हुशार मूल लगेच विचारते की मग 1 मूळ का नाही, कारण 1 ला 1 खेरीज दुसरा विभाजक नाहीच. मूळ संख्येला नेमके दोनच विभाजक असतात, संयुक्त संख्येला दोनाहून अधिक असतात, आणि 1 ला एकच विभाजक असल्यामुळे तो या दोन्हींत बसत नाही, असे सांगितले की हा घोटाळा मिटतो. पेटीतली 1 ची चकती वेगळ्या पिवळ्या रंगाची आहे, म्हणजे उत्पादकाला ही गोष्ट माहीत आहे. पण ती पिवळी का आहे याचे एक वाक्यही पुस्तिकेत नाही.

1 ला बाहेर ठेवण्यामागे केवळ व्याख्येचा हट्ट नाही, हेही मुलांना सांगता येते. 60 ला मूळ अवयवांत फोडले तर 2 × 2 × 3 × 5 असेच उत्तर येते. कोणी 6 × 10 पासून सुरुवात करो, कोणी 4 × 15 पासून, शेवटी हाती तेच चार अवयव उरतात, फक्त क्रम बदलतो. आता 1 ला मूळ मानले तर त्यापुढे एक 1 लिहा, दोन लिहा, दहा लिहा, उत्तर तेच राहते आणि एका संख्येची फोड एकाच प्रकारे होते हा सुंदर नियम मोडतो. मी मुलांना यासाठी मुळाक्षरांचे उदाहरण देते. जोडाक्षर फोडले की त्यातली मुळाक्षरे मिळतात, आणि मुळाक्षर आणखी फुटत नाही. संयुक्त संख्या फोडली की मूळ संख्या मिळतात, आणि मूळ संख्या फुटत नाही. आपल्या भाषेत ही नावेच इतकी बोलकी आहेत की वेगळे काही समजवावे लागत नाही.

नेमके इथेच पुस्तिकेने दुसरा, माझ्या मते अधिक गंभीर, घोळ घातला आहे. ती मूळची हिंदी असावी आणि घाईने मराठीत आणली असावी, कारण काही पानांवर "मूळ संख्या" आहे तर काही पानांवर "अभाज्य संख्या", आणि संयुक्त संख्येला बऱ्याच ठिकाणी "भाज्य संख्या" म्हटले आहे. हिंदीत हे शब्द योग्यच आहेत. पण आमच्या मुलांच्या बालभारतीच्या पुस्तकात मूळ संख्या आणि संयुक्त संख्या हेच शब्द येतात, आणि मराठीत भाज्य या शब्दाला आधीच वेगळा अर्थ आहे: भागाकारात ज्या संख्येला भागायचे ती भाज्य, जिने भागायचे ती भाजक. त्यामुळे 13 भागिले 4 या गणितात 13 ही भाज्य आहे, आणि पुस्तिकेनुसार 13 ही अभाज्य आहे. माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड. मराठीतला गणिताचा शब्द ती शाळेतच पहिल्यांदा ऐकतात. अशा मुलांना एकाच गोष्टीसाठी दोन शब्द आणि एका शब्दाला दोन अर्थ देणे हा अन्याय आहे. मी पुस्तिकेतले असे सर्व शब्द पेनाने खोडून दुरुस्त केले तेव्हाच ती मुलांच्या हातात दिली.

आता चकत्यांविषयी. मूळ संख्यांच्या चकत्या लाल आहेत, संयुक्त संख्यांच्या निळ्या. दिसायला त्या फार आकर्षक आहेत, आणि पालक पेटी उघडल्यावर सर्वांत आधी त्यांच्याकडेच पाहतात. पण विचार करा: मुलाला आपण विचारतो की 91 मूळ की संयुक्त, आणि उत्तर चकतीच्या रंगातच दिलेले आहे. पहिल्या दोन आठवड्यांत माझी मुले चकत्यांचे दोन ढीग विलक्षण वेगाने लावू लागली, आणि मला वाटले की विषय समजला. मग मी साध्या कागदावर काही संख्या लिहून दिल्या. वर्गातल्या बहुतेकांनी 51, 57, 87 आणि 91 या चारही संख्या मूळ म्हणून लिहिल्या. त्या दिसायला मूळ वाटतात हे खरे आहे, पण 51 म्हणजे 3 × 17, 57 म्हणजे 3 × 19, 87 म्हणजे 3 × 29 आणि 91 म्हणजे 7 × 13. यांपैकी पहिल्या तिघींसाठी तर अंकांची बेरीज करून पाहिली असती तरी पुरे होते: 5 आणि 1 मिळून 6, 5 आणि 7 मिळून 12, 8 आणि 7 मिळून 15, आणि या तिन्ही बेरजांना 3 ने भाग जातो. ही कसोटी मुलांना येत होती, पण चकत्यांनी ती वापरण्याची गरजच त्यांना कधी भासू दिली नव्हती.

सुदैवाने चकत्यांची मागची बाजू कोरी आहे. मी सगळ्या चकत्या उलटून मागे काळ्या मार्करने संख्या लिहिल्या, आणि आता मुले कोऱ्या बाजूवरून आधी निर्णय घेतात, कारण सांगतात आणि मग चकती उलटून रंग पाहतात. असे वापरले की तोच रंग उत्तर तपासण्याच्या कामी येतो आणि बाईंना विचारण्याची गरज राहत नाही. उत्पादकाने हे स्वतःच केले असते तर पेटीची किंमत एका रुपयानेही वाढली नसती. ज्यांनी अशी पेटी आधीच घेतली आहे त्यांनी आजच एक मार्कर घेऊन बसावे असे मी मनापासून सुचवते.

तक्ता आणि टिकल्या इराटोस्थेनिसच्या चाळणीसाठी दिल्या आहेत. इराटोस्थेनिस हा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला ग्रीक विद्वान. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा तो प्रमुख होता, आणि पृथ्वीचा परीघ मोजण्याचा त्याचा प्रयत्नही प्रसिद्ध आहे. त्याची चाळणी आपल्या स्वयंपाकघरातल्या चाळणीसारखीच चालते: 1 बाजूला ठेवायचा, 2 राखून त्याच्या पटीतल्या सगळ्या संख्या झाकायच्या, मग 3 राखून त्याच्या पटीतल्या, मग 5 च्या, मग 7 च्या, आणि जे वर राहते ते मूळ. शंभरापर्यंत 7 वरच थांबता येते, कारण 11 ची पाळी येते तेव्हा 11 च्या दुपटीपासून नऊपटीपर्यंतच्या सर्व संख्या आधीच झाकलेल्या असतात आणि 11 × 11 म्हणजे 121 हा तक्त्याबाहेर जातो. मुलांना हा थांबण्याचा मुद्दा फार आवडतो. एवढ्या मोठ्या तक्त्याला चारच चाळण्या पुरतात याचे त्यांना नवल वाटते.

पण पेटीतल्या टिकल्या पुरत नाहीत. चार रंगांच्या वीस-वीस, म्हणजे एकूण 80 टिकल्या आहेत. शंभरापर्यंत संयुक्त संख्या 74 आहेत, त्यामुळे वरवर पाहता 80 पुरेशा वाटतात. प्रत्यक्षात 2 साठीच 49 टिकल्या लागतात. त्यानंतर 3 साठी नव्याने झाकायच्या संख्या 16, 5 साठी फक्त 6, आणि 7 साठी तीनच उरतात: 49, 77 आणि 91. लाल टिकल्या 20 वर संपल्या तेव्हा 42 पर्यंतच्या सम संख्या झाकून झाल्या होत्या आणि अर्ध्याहून अधिक तक्ता उघडा होता. ज्याने ही वाटणी ठरवली त्याने आपली चाळणी एकदाही शेवटपर्यंत लावून पाहिलेली नाही, हे मला स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. आम्ही 2 साठी चिंचोके वापरतो आणि बाकीच्या तिघांसाठी टिकल्या. एक गोष्ट मात्र या अडचणीमुळे मुलांना फार ठळकपणे दिसली: पहिली चाळणी जवळजवळ निम्मा तक्ता घेऊन जाते आणि चौथ्या चाळणीत जेमतेम तीन संख्या सापडतात. 49, 16, 6 आणि 3 यांची बेरीज 74, त्यात 1 मिळवला की 75, आणि उरल्या त्या 25 मूळ संख्या. हा हिशेब फळ्यावर जुळला तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या.

ठोकळ्यांची संख्या 60 ठेवली हे मला आवडले, कारण 60 ला बारा विभाजक आहेत आणि सर्व ठोकळे घेऊन सहा वेगवेगळे आयत रचता येतात. तरीही जानेवारीत ते कमी पडले. गड्डा यात्रेच्या आधी मुलांच्या बोलण्यात सिद्धेश्वर महाराजांनी सोलापुरात स्थापलेल्या 68 लिंगांचा विषय निघाला आणि 68 चे आयत रचायचे ठरले. आठ चिंचोके ठोकळ्यांशेजारी मांडून आम्ही ते रचले: एक रांग 68 ची, दोन रांगा 34 च्या, चार रांगा 17 च्या, आणि त्यापुढे काही नाही. 68 इतकी मोठी सम संख्या असूनही तिचे तीनच आयत होतात आणि त्याहून लहान असलेल्या 60 चे सहा होतात, याचे कारण मुलांनी स्वतः शोधले: 68 मध्ये 17 दडलेला आहे आणि तो पुढे फुटत नाही. मग एकाने यात्रेच्या मिरवणुकीत नेले जाणारे उंच नंदीध्वज किती असे विचारले, सात असे उत्तर आले, आणि मिरवणुकीत ते एकामागोमाग एक का चालतात याचे मुलांच्या दृष्टीने गणिती कारणही लगेच सापडले. श्रद्धेचे कारण वेगळे आहे हे मी त्यांना सांगितले, पण त्यांच्या शोधाला मी आडकाठी केली नाही.

पालकसभेत एका मुलीच्या वडिलांनी हे ठोकळे हातात घेऊन पाहिले. ते चादरीच्या कारखान्यात जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, काम करतात. त्यांनी सांगितले की नक्षी कडेपर्यंत पूर्ण बसायची असेल तर ताण्याच्या (उभ्या) धाग्यांना नक्षीच्या धाग्यांनी पूर्ण भाग जावा लागतो, नाहीतर कडेला फूल अर्धे कापले जाते. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने वर्गात प्रश्न मांडला की ताण्यात मूळ संख्येइतके धागे घेतले तर कोणती नक्षी बसेल. उत्तर वर्गानेच दिले: एक तर सगळ्या चादरीवर एकच नक्षी, नाहीतर एका धाग्याची नक्षी. पुस्तिकेत असे एकही उदाहरण नाही. तिथे सगळी उदाहरणे लाडू आणि फुगे यांचीच आहेत.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर "जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या" असे शीर्षक देऊन 2018 साली सापडलेल्या, सुमारे 2 कोटी 48 लाख अंकी संख्येची माहिती दिली आहे. ती आता जुनी झाली आहे, कारण ऑक्टोबर 2024 मध्ये 4 कोटी 10 लाख 24 हजार 320 अंकांची मूळ संख्या जाहीर झाली. 2 चा 13,62,79,841 वा घात घेऊन त्यातून 1 वजा केला की ती मिळते. माहिती जुनी होणे मी समजू शकते. शीर्षक मात्र मुळातच चुकीचे आहे, कारण सर्वांत मोठी मूळ संख्या अशी काही असूच शकत नाही. युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच ते सिद्ध केले आहे. तिथे "आजवर सापडलेली" हे दोन शब्द हवे होते.

युक्लिडचा युक्तिवाद पाचवीच्या मुलांना कळणार नाही असे मला वाटत होते, पण आमच्या 31 च्या गोष्टीने तो सोपा केला. 2, 3 आणि 5 यांचा गुणाकार 30, त्यात 1 मिळवला की 31. म्हणूनच आपण जोड्या लावल्या, तीन-तीन केले, पाच-पाच केले, तरी प्रत्येक वेळी एकच मुलगी उरली. तुम्ही मूळ संख्यांची कितीही लांब यादी आणा, त्यांचा गुणाकार करून त्यात 1 मिळवा, यादीतली कोणतीही संख्या तिला पूर्ण भागणार नाही, दर वेळी 1 उरेल. म्हणजे तिला भागणारी मूळ संख्या तुमच्या यादीबाहेर कुठेतरी आहे, किंवा ती स्वतःच मूळ आहे. सगळ्यांना हे समजले असा माझा दावा नाही. पाच-सहा मुलांना नक्की समजले, आणि फळ्यावर नोंद ठेवणारी ती मुलगी त्यांत होती.

टिकाऊपणाबाबत थोडक्यात सांगते. ठोकळ्यांच्या कडा नीट घासलेल्या आहेत, सात महिन्यांत एकही ठोकळा फुटला नाही आणि कुणाच्या बोटात कुसळ गेले नाही. चकत्यांचा लाल रंग मात्र कडेने उडू लागला आहे. पेटीच्या झाकणाची बिजागरी दुसऱ्याच महिन्यात सैल झाली आणि आता आम्ही तिला नाडी बांधतो.

घरी एकट्या मुलासाठी ही पेटी घ्यावी का असे काही पालकांनी मला विचारले. तिसरी-चौथीतले मूल असेल आणि त्याच्याशेजारी बसायला घरातले कोणी मोठे माणूस असेल तर घ्यावी, पुस्तिका बाजूला ठेवावी आणि ठोकळ्यांपासून सुरुवात करावी. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी घ्यायची असेल तर जोडमूळ (दोनचा फरक असलेल्या दोन मूळ) आणि सहमूळ (1 खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) संख्यांचा पुस्तिकेत उल्लेखही नाही हे लक्षात ठेवावे, जरी तक्त्यावर चाळणी लावून झाली की 11 आणि 13, 17 आणि 19, 29 आणि 31 अशा जोडमूळ जोड्या मुलांना आपोआप दिसतात आणि शंभरापर्यंत अशा आठ जोड्या मोजून काढता येतात. ज्यांना एवढा खर्च परवडत नाही त्यांचे चिंचोक्यांवरही काम भागते, फक्त चिंचोक्यांचा आयत ठोकळ्यांसारखा एकमेकांना चिकटून सरळ उभा राहत नाही आणि लहान मुलाला भरीव आयत म्हणजे काय ते दिसायला वेळ लागतो.

मागच्या आठवड्यात मी त्या दुकानात जाऊन नुसते ठोकळे सुटे मिळतील का असे विचारले. दुकानदारांनी उत्पादकाला विचारून सांगतो म्हटले आहे. मिळाले तर 120 घेणार आहे, म्हणजे आधीचे 60 धरून प्रत्येक गटाला 36 ठोकळे येतील आणि सहा-सहाचा चौरस एकाच वेळी पाचही गटांना रचता येईल.